कंपाइलरच्या तक्रारी

ज्या घरांत अभियांत्रिकीच्या किंवा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे, त्या घरांतील वडील मंडळींना एक दृश्य परिचयाचें असेल. मुलगी संगणकापुढें बसली आहे. पुस्तकांतून उतरून घेतलेला वीस ओळींचा एक प्रोग्राम तिनें यंत्राच्या स्वाधीन केला आहे, आणि यंत्रानें उत्तरादाखल चाळीस ओळींचा इंग्रजी मजकूर पडद्यावर ओतला आहे. त्यांत ‘एरर’ हा शब्द जागोजाग तांबड्या अक्षरांत चमकतो आहे. वीस ओळींच्या निबंधांत चाळीस चुका काढणारा परीक्षक आम्हां शाळामास्तरांतही विरळाच! विद्यार्थिनीचा धीर सुटतो, हा विषय आपल्या बुद्धीचा नव्हे अशी तिची समजूत होते, आणि कित्येकजण ह्याच उंबरठ्यावरून मागें फिरतात. ह्याचें मला फार वाईट वाटतें. कारण त्या चाळीस ओळींच्या मुळाशीं पुष्कळ वेळां एखादा राहून गेलेला अर्धविराम असतो, आणि तो कोठें राहिला हें त्याच मजकुरांत, बहुधा पहिल्या दोन ओळींत, लिहिलेलें असतें. तो मजकूर वाचावयाचा कसा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. ज्यांनीं प्रोग्राम कधीं लिहिला नाहीं त्यांनाही तो समजावा असा प्रयत्न करतों.

‘सी’ ह्या एकाक्षरी नांवाची भाषा डेनिस रिची ह्यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास घडविली. ब्रायन कर्निघन ह्यांच्यासह त्यांनीं लिहिलेलें तिचें पाठ्यपुस्तक १९७८ सालीं निघालें, आणि १९८९ सालीं अमेरिकेंतील मानक संस्थेनें तिचें व्याकरण अधिकृतपणें निश्चित केलें. पन्नास वर्षें उलटून गेलीं तरी संगणकाचें अंतरंग चालविणारे पुष्कळसे प्रोग्राम ह्याच भाषेंत आहेत, म्हणून महाविद्यालयांतून ती शिकविली जाते. पण सी ही माणसाला लिहितां यावी म्हणून केलेली भाषा आहे; यंत्राला ती समजत नाहीं. यंत्राची भाषा निव्वळ आंकड्यांची. एका भाषेंतून दुसरींत भाषांतर करणारा जो प्रोग्राम त्यास कंपाइलर म्हणतात. ‘जीसीसी’ नांवाचा कंपाइलर रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८७ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. तो विनामूल्य मिळतो, आणि मी पुढें ज्या तक्रारींचीं उदाहरणें देणार आहें त्या लिनक्सवर चालणाऱ्या ह्याच कंपाइलरच्या आहेत.

कंपाइलर म्हणून ज्यास आपण एक समजतों तो वस्तुतः चार कारागिरांचा कारखाना आहे. छापखान्याचें उदाहरण घ्या. लेखकाचें हस्तलिखित आलें म्हणजे पहिला कारकून त्यांतील ‘येथें अमुक परिशिष्ट घालावें’ अशा सूचना पाहतो, आणि तीं तीं पानें आणून जागच्या जागीं चिकटवितो. अर्थाशीं त्याला कर्तव्य नाहीं. पान सांपडलें कीं चिकटवावें, न सांपडलें कीं ओरडावें, एवढेंच त्याचें काम. दुसरा व्याकरण जाणणारा तपासनीस. तो ओळन्‌ओळ वाचतो, चिन्हें पाहतो, पूर्वीं न सांगितलेलें एखादें नांव मध्येंच आलें तर हरकत घेतो, आणि शुद्ध ठरलेला मजकूर जुळाऱ्याच्या हवालीं करतो. तिसरा तो जुळारी. चौथा पुस्तकबांधणी करणारा बाइंडर. त्याच्याकडे निरनिराळे फर्मे येतात. ‘पाहा, प्रकरण सातवें’ असें जेथें म्हटलें असेल तेथें तें सातवें प्रकरण गठ्ठ्यांत खरोखरच आहे ना, हें पाहून तो सर्वांस एका पुठ्ठ्यांत बांधतो. सीच्या कारखान्यांत ह्या चौघांचीं नांवें अनुक्रमें प्रीप्रोसेसर, खुद्द कंपाइलर, असेंब्लर आणि लिंकर अशीं आहेत. जुळारी, म्हणजे असेंब्लर, सहसा तक्रार करीत नाहीं. त्यास आपण सोडून देऊं. उरले तिघे.

तक्रार दिसली कीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा: ह्या तिघांपैकीं बोलतो आहे कोण? बाइंडरची तक्रार हातांत घेऊन व्याकरण तपासीत बसलें तर रात्र सरेल आणि दोष सांपडणार नाहीं. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. तपासनिसाच्या तक्रारीच्या आरंभीं फायलीचें नांव, मग ओळीचा क्रमांक, मग त्या ओळींतील कितवें अक्षर त्याचा क्रमांक, आणि मग ‘एरर’ हा शब्द असतो. पहिल्या कारकुनास पान सांपडलें नाहीं म्हणजे त्याच ठिकाणीं ‘फेटल एरर’ असे शब्द येतात, आणि शेवटीं ‘अशी फाईल किंवा असा फोल्डर नाहीं’ अशा अर्थाचें वाक्य असतें. बाइंडरच्या तक्रारींत बहुधा ‘एलडी’ हीं दोन अक्षरें, आणि ‘अन्डिफाइन्ड रेफरन्स’ किंवा ‘मल्टिपल डेफिनिशन’ हे शब्द असतात. त्यानें काम सोडलें म्हणजे सर्वांच्या खालीं ‘कलेक्ट-टू: एरर: एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस’ अशी एक ओळ येते. विद्यार्थी नेमकी हीच ओळ उचलतात आणि तिचें औषध विचारीत फिरतात, कारण ती अखेरची आणि डोळ्यांसमोर असते. ती तक्रार नव्हेच. ‘बाइंडरनें काम टाकलें’ एवढी ती वर्दी आहे. कां टाकलें तें तिच्या वर लिहिलेलें असतें.

इतकेंही करून शंका उरली तर आज्ञेंत उणे-चिन्ह आणि त्याला लागून लहान ‘सी’ हें अक्षर लिहावें. मग पहिले तिघेच काम करतात, बांधणी होत नाहीं. ही पायरी बिनतक्रार पार पडली तर दोष बांधणींत आहे हें निश्चित झालें.

आतां क्रमाविषयीं. तक्रारी वरून खालीं वाचाव्यात, आणि फक्त पहिली दुरुस्त करून कारखाना पुन्हा चालवावा. पुष्कळांना हें वेळ दवडण्यासारखें वाटतें. पण वेळ वांचतो तो ह्यानेंच. वाक्याचें पृथक्करण करतांना विद्यार्थ्यानें कर्त्यासच कर्म मानलें तर पुढील प्रत्येक पदाचा अन्वय बिघडतो आणि परीक्षकास जागोजाग फुली मारावी लागते. मूळ चूक मात्र एक. कंपाइलरची स्थिति तशीच आहे. पहिला दोष दिसल्यावर तो थांबत नाहीं. लेखकाच्या मनांत काय असावें ह्याचा अंदाज बांधून तो पुढें वाचूं लागतो, म्हणजे एका फेरींत जितके दोष सांपडतील तितके सांगतां यावेत. हेतु चांगला, पण अंदाज चुकला कीं पुढचें सारें वाचनच तिरपें होतें. समजा, प्रोग्रामच्या आरंभीं एका नव्या प्रकारास नांव दिलें आहे आणि त्या नांवांत एक अक्षर चुकलें आहे. तें नांव पुढें पंचवीस ठिकाणीं शुद्ध लिहिलें असलें तरी ‘ह्या नांवाचा प्रकार मला ठाऊक नाहीं’ अशा पंचवीस तक्रारी येतील. त्या पंचवीस जागीं पंचवीस औषधें करणारा विद्यार्थी तितक्या ठिकाणीं शुद्ध मजकूर बिघडवून बसतो, आणि अशुद्ध तेवढें तसेंच राहतें.

ओळीच्या क्रमांकावरही आंधळा विश्वास ठेवूं नये. तो क्रमांक दोष जेथें घडला त्या जागेचा नव्हे, दोष जेथें लक्षांत आला त्या जागेचा असतो. पांचव्या ओळीवर एका चलास दहा ही किंमत दिली आहे आणि शेवटचा अर्धविराम राहिला आहे, असें समजूं. सीमध्यें ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाहीं; एक वाक्य चार ओळींवर पसरलें तरी भाषेची हरकत नाहीं. म्हणून तपासनीस निःशंकपणें सहाव्या ओळीवर येतो, तेथें ‘रिटर्न’ हा शब्द पाहून चमकतो, आणि ‘रिटर्नच्या आधीं अर्धविराम अपेक्षित होता’ असें म्हणतो. पूर्वींच्या आवृत्त्या अशा वेळीं सहाव्या ओळीचा क्रमांक देत, आणि विद्यार्थी ती निर्दोष ओळ दहा वेळां वाचीत बसे. २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपासून जीसीसी मागच्या ओळीच्या अखेरीस खूण करून तेथें अर्धविराम सुचवूं लागला, ही मोठीच सोय झाली.

महिरपी कंसाचें मात्र तसें नाहीं. उघडलेला कंस बंद करावयाचा राहिला तर तपासनीस शेवटपर्यंत त्याची वाट पाहतो, आणि फायलीच्या अखेरच्या ओळीवर ‘मजकूर संपला’ म्हणून कुरकुरतो. दोष दहाव्या ओळीवर असेल, तक्रार दोनशेंव्या. अशा वेळीं एडिटरकडून साऱ्या मजकुराचे समास नव्यानें लावून घ्यावेत. जेथून ओळी एक घर उजवीकडे सरकल्या आणि परत आल्या नाहींत, तेथें कंस राहिला. सर्वांत फसवा प्रकार दोन फायलींचा. विद्यार्थ्यानें स्वतः लिहिलेल्या हेडर फायलींतील शेवटचा अर्धविराम राहिला, तर कारकुनानें तें पान चिकटविल्यावर लगेच पुढें जो मजकूर येतो त्याच्यावर ठपका येतो, मग तो दुसऱ्याच कोणाच्या फायलींतील कां असेना. म्हणून पहिल्या काहीं ओळींवर तक्रार आली आणि त्या ओळी शुद्ध दिसल्या, तर त्यांच्या आधीं कोणतें पान चिकटविलें गेलें आहे तें उघडून पाहावें.

आपल्याकडील विद्यार्थ्यांस भोंवणारा आणखी एक दोष डोळ्यांस दिसत नाहीं. प्रोग्राम टिपणांच्या फायलींतून किंवा एखाद्या संदेशांतून उचलून आणलेला असतो. लेखनाच्या सुबक एडिटरनें त्यांतील सरळ अवतरणचिन्हांचीं वळणदार अवतरणचिन्हें केलेलीं असतात. माणसाला दोन्ही सारखीं. कंपाइलरला दुसरें चिन्ह अगदीं परकें. तो ‘स्ट्रे’, म्हणजे ‘भटकें’, असा शब्द वापरून तक्रार करतो, आणि जीसीसीच्या पुष्कळ आवृत्त्यांत त्याच्याबरोबर ३४२, २००, २३४ असे आंकडे येतात. हे आंकडे ओळींचे क्रमांक नव्हेत. त्या वळणदार चिन्हाचे तीन बाइट अष्टमान पद्धतीनें लिहून दाखविलेले असतात. तें चिन्ह पुसून साध्या एडिटरमध्यें हातानें पुन्हा टंकावें, तक्रार नाहींशी होते. हाच प्रकार कळफलक मराठीवर राहिला असतांना होतो. देवनागरी अंक आपण सहज वाचतों, पण सीच्या व्याकरणांत इंग्रजी अंकांखेरीज दुसऱ्या अंकांस संख्या म्हणून स्थान नाहीं.

आतां पहिल्या कारकुनाची तक्रार, म्हणजे हेडर फाईल न सांपडल्याची. महाराष्ट्रांतीलच नव्हे, भारतांतील कित्येक महाविद्यालयांत वर्षानुवर्षें ‘टर्बो सी’ ह्या कंपाइलरवर शिकविलें गेलें. बोरलंड ह्या अमेरिकन कंपनीनें तो १९८७ सालीं काढला, तोही डॉस नांवाच्या त्या वेळच्या कार्यप्रणालीसाठीं. त्या वळणाचे प्रोग्राम जर्नलांच्या वह्यांतून एका वर्गाकडून पुढच्या वर्गाकडे उतरत आले. त्यांच्या दुसऱ्या ओळींत ‘कोनियो’ नांवाची हेडर फाईल मागितलेली असते, मध्यें पडदा पुसण्याचें एक फंक्शन असतें, आणि शेवटीं कोणती तरी कळ दाबेपर्यंत थांबण्याचें दुसरें. ही हेडर फाईल सीच्या मानकाचा भाग कधींच नव्हती. लिनक्सवरील जीसीसीजवळ ती नाहीं. तेव्हां वहींत अक्षरशः बरोबर असलेला प्रोग्राम दुसऱ्याच ओळीवर ‘फेटल एरर’ होऊन पडतो, आणि मुलगा आपणच कांहीं तरी चुकलों म्हणून पुनः पुनः उतरून काढतो. त्याची चूक मुळींच नाहीं. ती ओळ आणि तीं दोन्ही फंक्शनें काढून टाकावीं, ‘व्हॉइड मेन’ च्या ठिकाणीं ‘इंट मेन’ लिहावें. पुष्कळसे जुने प्रोग्राम एवढ्यानें चालूं लागतात. ज्या वह्या हें अजून शिकवितात त्या बदलण्याचें काम विद्यार्थ्यांचें नव्हे, शिक्षकांचें आहे.

कधीं कधीं मात्र मानक हेडर फाईलही सांपडत नाहीं. डेबियन किंवा उबंटू ह्या लिनक्सच्या प्रकारांत कंपाइलर तेवढा बसविला आणि त्याचें सोबतचें साहित्य राहिलें, तर असें होतें. तेथें ‘बिल्ड-एसेन्शियल’ नांवाचा संच बसवावा. बाहेरच्या एखाद्या लायब्ररीची हेडर फाईल मिळत नसेल, तर बहुधा त्या लायब्ररीचा चालविण्यापुरता भाग संगणकावर असतो आणि लिहिणाऱ्यासाठींचा भाग नसतो. हा दुसरा भाग डेबियनच्या घराण्यांत नांवापुढें ‘डेव’ आणि फेडोराच्या घराण्यांत ‘डेव्हल’ अशी पुस्ती जोडून निराळा मिळतो. आणि अगदीं साधी गोष्ट म्हणजे, लिनक्सवर फायलीच्या नांवांत मोठें अक्षर आणि लहान अक्षर हीं भिन्न समजलीं जातात.

बाइंडरच्या, म्हणजे लिंकरच्या, तक्रारी समजण्यास सर्वांत कठीण वाटतात, आणि माझ्या मतें त्याचें कारण एक मूळचा गैरसमज आहे: हेडर फाईल मागितली म्हणजे त्या विषयाचें सारें साहित्य हातीं आलें, असा. हेडर फाईल ही अनुक्रमणिका आहे, प्रकरण नव्हे. गणिताची हेडर फाईल मागितली कीं तपासनिसास एवढेंच कळतें कीं वर्गमूळ काढणारें ‘एसक्यूआरटी’ नांवाचें फंक्शन कोठें तरी आहे. तें एक अपूर्णांकी संख्या घेतें आणि तशीच एक परत देतें. तेवढ्यावर तो मजकूर शुद्ध ठरवितो. तें फंक्शन प्रत्यक्ष ज्यांत आहे ती गणिताची लायब्ररी निराळी, आणि ती बांधणीच्या वेळीं मागावी लागते. तिच्यासाठीं आज्ञेच्या शेवटीं उणे-चिन्ह, लहान एल आणि लहान एम हीं तीन चिन्हें जोडून लिहितात. तीं राहिलीं कीं ‘अन्डिफाइन्ड रेफरन्स टु एसक्यूआरटी’, म्हणजे ‘एसक्यूआरटीचा उल्लेख आहे, पण पत्ता नाहीं’, अशी तक्रार येते.

येथें एक गंमत आहे. प्रोग्रामांत ‘दोनाचें वर्गमूळ’ असें आंकड्यानिशीं लिहिलें असेल, तर लायब्ररी न मागतांही बांधणी बहुधा सुरळीत होते. कारण हें उत्तर कधींच बदलणार नाहीं हें ओळखून जीसीसी तें स्वतःच आधीं काढून ठेवतो, आणि फंक्शनची गरजच उरत नाहीं. पुढच्या धड्यांत विद्यार्थी दोनाच्या जागीं कळफलकावरून घेतलेली संख्या घालतो, आणि काल चालणारा प्रोग्राम आज मोडतो. तो बिचारा संख्या वाचण्याच्या नव्या ओळींत दोष शोधीत बसतो. दोष कालच्या आज्ञेंतच होता, काल तो झांकला गेला इतकेंच.

तीं चिन्हें शेवटीं लिहावींत असें मीं म्हटलें तें मुद्दाम. लिंकर आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि लायब्ररी समोर येईल त्या क्षणीं ज्या नांवांची मागणी खोळंबलेली असेल तेवढींच नांवें तींतून उचलतो. लायब्ररी आधीं आणि प्रोग्राम मागाहून असा क्रम लागला, तर पुष्कळ ठिकाणीं ती हातांत असूनही रिकामीच परत जाते. बाजार करून आलेल्या माणसाच्या हातीं मग यादी देण्यासारखें तें आहे.

‘मेन’ ह्या नांवाचा पत्ता नाहीं, अशीही एक तक्रार असते. प्रत्येक प्रोग्रामाचा आरंभ ‘मेन’ पासून होतो, म्हणून तें नांव बांधणाऱ्यास हवेंच असतें. घाईनें त्यांतील दोन अक्षरें उलटीं पडलेलीं असतात. नाहीं तर प्रोग्राम लिहिला पण जतन केलाच नाहीं, आणि कंपाइलरच्या हातीं कोरी फाईल गेली. कोरी फाईल व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते, त्यामुळें तपासनीस कांहीं बोलत नाहीं!

उलट तक्रार ‘मल्टिपल डेफिनिशन’ ची: एकाच नांवाचीं दोन प्रकरणें. दोन फायलींना एखादें चल सामाईक हवें म्हणून विद्यार्थी तें हेडर फायलींत लिहितो. कारकून तें पान दोन्ही फायलींत चिकटवितो, आणि बाइंडरकडे त्या नांवाच्या दोन प्रती येतात. तेंच पान दोनदां चिकटूं नये म्हणून हेडर फायलींत जो पहारा घालतात तो येथें उपयोगीं पडत नाहीं. तो पहारा एका फायलीपुरता असतो, आणि येथें फायली दोन आहेत. उपाय असा कीं हेडर फायलींत त्या चलापूर्वीं ‘एक्स्टर्न’ हा शब्द लिहून नुसता उल्लेख ठेवावा, आणि खरी व्याख्या कोणत्या तरी एकाच फायलींत करावी. किंमत न देतां लिहिलेल्या अशा चलांच्या प्रती जीसीसी पूर्वीं गुपचूप एक करून घेई. २०२० सालच्या दहाव्या आवृत्तीपासून त्यानें हें सोडून दिलें, आणि जुने कितीतरी प्रोग्राम एकाएकीं बांधले जाईनात.

मोठ्या प्रोग्रामांची बांधणी ‘मेक’ नांवाच्या मुकादमाकडे सोंपविलेली असते. बेल प्रयोगशाळेंतच १९७६ सालीं स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनीं तो लिहिला. त्याच्या सूचनापत्रांत आज्ञेची ओळ टॅबनें सुरू झाली पाहिजे. टॅबऐवजीं आठ मोकळ्या जागा सोडल्या तर दिसावयास तेंच दिसतें, पण मुकादम ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून काम बंद करतो. हा नियम अडचणीचा आहे हें कर्त्याच्या लवकरच ध्यानांत आलें होतें. तोंपर्यंत डझनभर मंडळी तो वापरूं लागली होती, त्यांची गैरसोय नको म्हणून त्यानें तो बदलला नाहीं. आणि त्या डझनभरांच्या सोयीसाठीं सारें जग आजवर टॅब मोजीत आहे. ‘मेक’ च्या अखेरच्या ओळींतील ‘एरर वन’ हीही नुसती वर्दीच समजावी.

‘हाच प्रोग्राम गेल्या वर्षीं चालत होता’ असें कोणी म्हणालें तर त्यास खोटें ठरवूं नये. समजा, ‘प्रिंटएफ’ हें नांव लिहितांना मधलें टी गळलें. पूर्वीं तपासनीस अशा अनोळखी फंक्शनबद्दल केवळ सौम्य सूचना देई आणि मजकूर पुढें पाठवी. मग बाइंडर पत्ता नाहीं म्हणून अडे. सीच्या मानकानें ही ढिलाई १९९९ सालींच रद्द केली होती. पण जीसीसीनें ती २०२४ सालच्या चौदाव्या आवृत्तींत सोडली, आणि आतां तपासनीसच काम थांबवितो व ‘तुम्हांला प्रिंटएफ म्हणावयाचें होतें काय?’ असें विचारतो. २०२५ सालच्या पंधराव्या आवृत्तीनें आणखी नवें, २०२३ चें, व्याकरण मूळचें म्हणून स्वीकारलें. त्यांत ‘बूल’, ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे शब्द राखीव झाले. ज्या जुन्या प्रोग्रामांत लेखकानें हीं नांवें स्वतः बनविलीं होतीं ते अडूं लागले. अशा वेळीं आज्ञेंत ‘एसटीडी’ ह्या शब्दापुढें जुन्या व्याकरणाचें नांव देतां येतें, ‘जीएनयू-सतरा’ असें. आणि सवडीनें प्रोग्राम दुरुस्त करावा. म्हणूनच कोणाची मदत मागतांना आपल्या कंपाइलरची आवृत्ति, दिलेली संपूर्ण आज्ञा आणि पहिली तक्रार, ह्या तीन गोष्टी जशाच्या तशा पुढें ठेवाव्यात. पडद्याचें अर्धवट छायाचित्र पाठवून कोणाचेंच भागत नाहीं.

येथवर ज्या दोषांनीं काम अडतें ते पाहिले. परंतु कांहीं दोषांनीं काम अडत नाहीं, आणि मला त्यांचें भय अधिक वाटतें. तपासनीस ‘एरर’ प्रमाणेंच ‘वॉर्निंग’, म्हणजे सूचना, देतो. सूचना आली तरी प्रोग्राम तयार होतो, म्हणून ती कोणी वाचीत नाहीं. कित्येक सूचना तर मागितल्याखेरीज मिळतही नाहींत. उणे-चिन्ह, मोठा डब्ल्यू आणि ‘ऑल’ हा शब्द जोडून लिहिल्यास त्यांपैकीं बऱ्याच मिळतात. ‘ऑल’ म्हणजे सर्व खरें, पण सर्व नव्हेत. आणखी कांहीं ‘एक्स्ट्रा’ म्हणून निराळ्या मागाव्या लागतात. ‘जर गुण शंभर असतील तर’ ह्या अटींत समतेचें चिन्ह दोनदां लिहावयाचें, तें एकदांच लिहिलें गेलें तर त्याचा अर्थ ‘गुणांना शंभर कर’ असा होतो. व्याकरण शुद्ध, प्रोग्राम तयार, आणि वर्गांतील प्रत्येकास शंभर गुण! ‘ऑल’ मागितलें असेल तर कंपाइलर येथें कंस सुचवून हटकतो.

२०१४ च्या फेब्रुवारींत ॲपल कंपनीला आपल्या आयफोनांसाठीं एक तांतडीची दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. इंटरनेटवर ज्याच्याशीं आपण बोलतों तो खरोखर तोच आहे ना, हें सही तपासून ठरविणारा सीमधील एक मजकूर तींत सुधारला होता. त्यांत ‘गोटू फेल’ ही ओळ एका अटीखालीं चुकून दोनदां आली होती. समास सारखा असल्यामुळें दोन्ही ओळी अटीच्या पोटांत आहेत असें डोळ्यांस वाटे. पण महिरपी कंस नसल्यामुळें अट पहिलीपुरतीच होती. दुसरी ओळ सदैव अमलांत येई, सही तपासण्याची शेवटची पायरी गाळली जाई, आणि ‘सर्व ठीक’ असें उत्तर परत जाई. मधल्या मध्यें बसून दुसऱ्याचें नांव धारण करणाऱ्यास ह्यानें दार मोकळें झालें होतें. व्याकरणाचा एकही नियम मोडला नव्हता, म्हणून कारखान्यांतून तो मजकूर बिनतक्रार बाहेर पडला. समासावरून एक अर्थ दिसतो आणि व्याकरणावरून दुसरा निघतो, अशा जागा दाखविणारी सूचना २०१६ सालीं जीसीसीच्या सहाव्या आवृत्तींत आली, आणि ती ‘ऑल’ ह्या शब्दाबरोबरच मिळते.